आठवणीचे वारस

२७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग काम आटोपून कपडे बदलायला तळघरात गेल्या. परिचारिकांना कपडे बदलायला वेगळी खोली नव्हती, म्हणून तळघर. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरहून मुंबईला आलेल्या, पंचविशीच्या, लग्न ठरलेल्या या परिचारिकेवर रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला आणि कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळला. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या, पण पुन्हा कधीच भानावर आल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचा मृत्यू झाला तोपर्यंतची साडेएकेचाळीस वर्षे त्यांनी त्याच रुग्णालयात काढली. हल्लेखोरावर लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नाही. बदनामी नको म्हणून वरिष्ठांनी ती बाब झाकली. खुनाचा प्रयत्न आणि जबरी चोरी एवढ्यावरच खटला चालला आणि सात वर्षांची शिक्षा भोगून तो माणूस सुटला. न्यायालयाच्या नोंदीत गुन्हा अर्धाच उतरला. पूर्ण आठवण ज्यांनी जपली त्या तिच्या बरोबरच्या परिचारिका होत्या.

अशा घटनेची आठवण समाज दोन तऱ्हांनी ठेवतो. पहिली तऱ्हा आपल्या अंगवळणी पडलेली आहे: बाईने उशिरापर्यंत थांबू नये, तळघरात एकटीने जाऊ नये, रात्रपाळी घेऊ नये. या आठवणीतून बायकांवरची बंधने जन्मतात. दुसऱ्या तऱ्हेत प्रश्न वेगळा असतो. खोली का नव्हती, दिवा का नव्हता, तिच्या तक्रारीची दखल घेणारे कुणी का नव्हते, हे ती विचारते आणि उत्तर मालकाकडून मागते. गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांतला महाराष्ट्राचा आणि शेजारच्या कर्नाटकाचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जिथे काम करणाऱ्या बायका संघटित होत्या तिथे आठवणीचे रूपांतर मागणीत झाले. जिथे संघटना नव्हती, किंवा होती पण बायकांची नव्हती, तिथे तिचे रूपांतर बंदीत झाले. स्त्रियांवरील हिंसाचाराच्या बळींचे स्मरण हे कामगार संघटनेचे मुख्य काम आहे असे मी म्हणतो ते या पुराव्याच्या आधारावर. संघटनेने सवडीने करायचे ते समाजकार्य नव्हे.

हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या. मागण्या दोन होत्या आणि त्या एकमेकींना जोडलेल्या होत्या: अरुणांची नीट देखभाल व्हावी आणि आमच्या कामाची परिस्थिती सुधारावी. आपण एरवी सहानुभूती एका कप्प्यात ठेवतो आणि हक्क दुसऱ्या. या बायकांनी तसे केले नाही. तिला झाले ते उद्या आपल्याला होऊ शकते, कारण तळघर तेच आहे, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही. पुढे १९८० च्या दशकात, सात वर्षे अडकलेली खाट मोकळी करावी म्हणून महापालिकेने अरुणांना के.ई.एम.बाहेर हलवण्याचा दोनदा प्रयत्न केला. परिचारिकांनी विरोध केला आणि महापालिकेला बेत सोडावा लागला. मग पिढ्या बदलल्या. १९७३ नंतर जन्मलेल्या मुली परिचारिका होऊन आल्या आणि जिला त्यांनी कधी चालता-बोलता पाहिले नव्हते तिला भरवू लागल्या, पुसू लागल्या, कूस बदलून देऊ लागल्या. इतकी वर्षे खाटेला खिळलेल्या रुग्णाला एकदाही शय्याव्रण झाले नाही, याची दखल पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात घेतली गेली. ज्याने कधी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा केली आहे त्याला या एका वाक्यामागचे श्रम कळतील.

२०११ मध्ये दयामरणाच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अरुणांवर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी याचिका केली होती. ७ मार्चच्या निकालात न्यायालयाने ठरावीक परिस्थितीत निष्क्रिय दयामरणाला वाट करून दिली, पण अरुणांच्या बाबतीत परवानगी नाकारली. त्या निकालातला एक मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा, हा प्रश्न न्यायालयाने विचारला आणि उत्तर दिले की तो के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा आहे. रक्ताचे नातेवाईक दूर गेले होते, लेखिकेची तळमळ खरी होती, तरीही जवळची माणसे म्हणून न्यायालयाने ज्यांना ओळखले त्या सहकारी होत्या. यावर आक्षेप आहे आणि तो हलका नाही. इतकी वर्षे तिला जिवंत ठेवणे ही तिच्यावरची माया होती की स्वतःच्या लढ्याचे प्रतीक जपण्याची धडपड? तिला विचारता येत नव्हते, मग परिचारिकांनी तिच्या वतीने ठरवणे हाही एक प्रकारचा ताबाच नव्हे का? या आक्षेपात तथ्य आहे. स्मरण जेव्हा जिवंत शरीरावर टिकते तेव्हा त्याची किंमत ते शरीर भरत असते. पण मग तो ताबा कुणाकडे असायला हवा होता? खाट मोकळी हवी असलेल्या प्रशासनाकडे, की गुन्ह्याचा अर्धा भाग झाकणाऱ्या वरिष्ठांकडे? परिचारिकांचा निर्णय चुकीचा मानणाऱ्यालाही हे कबूल करावे लागेल की त्या प्रश्नावर देशात चर्चा होऊ शकली ती त्यांनी अरुणांना नजरेआड होऊ दिले नाही म्हणून.

संघटनेने स्त्रीवरच्या हिंसेत लक्ष घालणे ही अलीकडची, परदेशातून आलेली कल्पना आहे असे काही जुने कार्यकर्ते मानतात. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे सोळा दिवस संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने जगभर पाळले जातात. त्यांची सुरुवात १९६० मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहाने मारवलेल्या मिराबाल भगिनींच्या स्मृतिदिनाने होते. ६ डिसेंबरला कॅनडातल्या कामगार संघटना १९८९ मध्ये माँट्रियलच्या तंत्रशिक्षण संस्थेत मारल्या गेलेल्या १४ स्त्रियांची आठवण ठेवतात. हे सारे बाहेरचेच आहे. पण आपल्याकडचा दाखला त्याहून कितीतरी जुना आहे. १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांची सभा भरली आणि काही शे कारागिरांनी ठरवले की विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही. सभेमागे नारायण मेघाजी लोखंडे होते. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक आणि १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी करणारे हे लोखंडे. त्याच वर्षी त्यांच्या चळवळीमुळे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रविवारची सुट्टी आपल्या पाठ्यपुस्तकांत आली, न्हाव्यांचा ठराव मात्र समाजसुधारणेच्या प्रकरणात एका ओळीपुरता उरला. माझ्या मते दोन्ही एकाच प्रकरणात असायला हवेत.

केशवपन ही हिंसा होती यावर आज कुणी वाद घालणार नाही. नवरा गेलेल्या, कित्येकदा वयात न आलेल्या मुलीला धरून बसवून तिचे केस काढणे आणि ते पुन्हा पुन्हा, आयुष्यभर करत राहणे, हे सगळे धर्माच्या नावाने घरातच होत असे. पण वस्तरा घरच्यांच्या हातात नसे. तो एका कारागिराच्या हातात असे, ज्याला जातीच्या उतरंडीत त्या घराच्या ओटीवरच थांबावे लागे आणि मोबदला मिळे तो वर्षाच्या बलुत्याचा किंवा चार पैशांचा. पांढरपेशा सुधारक या प्रथेवर लेख लिहीत होते, सभा घेत होते, आणि आगरकरांसारखे काही त्यासाठी शिव्याशापही सोसत होते. न्हाव्यांकडे लेखणी नव्हती, पण त्यांच्याकडे जे होते ते सुधारकांकडे नव्हते: काम नाकारण्याची शक्ती. संप म्हणजे पगारासाठी काम थांबवणे एवढेच आपण समजतो. या लोकांनी काम थांबवले ते आपला हात दुसऱ्याच्या क्रौर्याचे हत्यार होऊ नये म्हणून. त्या ठरावाने प्रथा संपली का? नाही. ती पुढे कित्येक दशके चालली आणि ठराव मोडणारे कारागीरही मिळाले असणार. शिक्षण, पुनर्विवाह, कर्व्यांचे हिंगण्याचे काम, पंडिता रमाबाईंचे शारदासदन, या सगळ्यांचा ती संपण्यात वाटा आहे. पण ठरावाचे मोल त्याच्या यशावर मोजायचे नाही. ज्या वर्षी मुंबईच्या श्रमिकांनी स्वतःसाठी विश्रांती मागितली त्याच वर्षी त्यांच्यातल्या काहींनी परक्या, वरच्या जातीच्या बायकांच्या वेदनेवर ठराव केला. भारतातली कामगार चळवळ जन्मली तेव्हा हा प्रश्न तिच्या कुशीत होता, नंतर तिने तो बाजूला ठेवला.

कसा ठेवला हे गिरण्यांमध्ये पाहायला मिळते. २४ एप्रिल १८९० च्या दहा हजार कामगारांच्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली होती. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा आणि पुढे १९२० च्या दशकापर्यंत बायकांचा वाटा साधारण पाचवा हिस्सा होता. रिळे भरणे, सूत गुंडाळणे ही त्यांची खाती. त्यांच्यावर नायकिणी नावाच्या स्त्री-मुकादम असत आणि नोकरी लागायची, टिकायची तर मुकादमाची मर्जी सांभाळावी लागे. त्या मर्जीत काय काय येत असे याची कुजबूज प्रत्येक चाळीत होती. १९२० च्या दशकात उषाबाई डांग्यांसारख्या बाईने या खात्यांत जाऊन बायकांना संपात उतरवले, पण एकूण संघटनेची बैठक पुरुषांची राहिली. कायदा मात्र बायकांच्या रक्षणाला धावत राहिला: १८९१ मध्ये कामाच्या तासांवर मर्यादा आली आणि पुढे रात्रपाळीवर बंदी आली, जी १९४८ च्या कारखाना कायद्यातही राहिली. या सर्वांमागे दया होती, पण दयेचा परिणाम असा झाला की बाई ही अडचणीची कामगार ठरली. यंत्रे बदलली, पाळ्या वाढल्या तसे बायकांचे खाते आधी कापले गेले. गिरण्या बंद पडण्याच्या कितीतरी आधी गिरणीतली बाई जवळजवळ संपली होती.

इथे मालकवर्गाचा एक आक्षेप पुढे येतो, तो १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याच्या विधेयकावर चर्चा झाली तेव्हापासून ऐकू येतो आहे: बायकांच्या सोयींचा बोजा टाकला तर आम्ही बायकांना घेणार नाही, म्हणजे सोयींची मागणी करणारेच त्यांची रोजी घालवतात. बाबासाहेब आंबेडकरांनी त्या विधेयकाला पाठिंबा देताना, जो बाईच्या श्रमाचा नफा घेतो त्याने हा भार काही अंशी तरी उचलावा अशी बाजू मांडली होती. गिरण्यांचा इतिहास आक्षेपाच्या बाजूने साक्ष देतो असे वरवर वाटते. पण नीट पाहिले तर तो दुसरेच सांगतो. बायका कमी झाल्या तेव्हा संघटना गप्प होती, कारण पुरुष कामगाराला सगळ्या घराचा पगार मिळावा हेच तिचे ध्येय होते. बाई घरी गेली तर ती हानी आहे असे तिला वाटलेच नाही. सोय मिळवणे आणि नोकरी टिकवणे या दोन मागण्या एकत्र मांडणारे कुणी नव्हते. परिचारिकांच्या व्यवसायात बायका बहुसंख्य होत्या, म्हणून १९७३ मध्ये त्या मागण्या एकत्र आल्या. फरक कायद्याच्या कलमात नव्हता, सभेत कोण बसले होते यात होता.

अरुणांवर हल्ला झाला त्याच वर्षी, तिकडे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहादा तालुक्यात वेगळेच घडत होते. १९७२ मध्ये तिथे श्रमिक संघटना उभी राहिली होती. भिल्ल शेतमजुरांची, जमीन आणि मजुरी यांसाठी लढणारी ही संघटना. अंबरसिंग सुरतवंती हे तिच्या मागचे मोठे नाव. तिच्या शिबिरांत येऊ लागलेल्या बायकांनी दारूचा विषय काढला. मजुरी वाढवून घेतली ती रात्री गुत्त्यावर गेली आणि घरी आली ती मारहाण, हे त्यांचे म्हणणे होते. मग त्या गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडू लागल्या आणि पुढे बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना सगळ्यांसमोर उभे करून जाब विचारू लागल्या. नेत्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हते, बायकांनी ते घातले. इथे हिंसा कामाच्या जागी झालेली नव्हती, घरात झालेली होती, तरी संघटनेचे ते काम ठरले. कारण साधे आहे. ज्या बाईला रात्री मार बसतो ती सकाळी मोर्चात येत नाही, आणि आलीच तर बोलत नाही. घरातली हिंसा ही खासगी बाब आहे असे म्हणणाऱ्यांना शहाद्याच्या मजूर बायकांनी तेव्हाच उत्तर दिलेले आहे.

१९८० नंतर हा प्रश्न कामगार संघटनांच्या हातून जवळजवळ पूर्णपणे स्त्री संघटनांकडे गेला. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले, त्यावर १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी खुले पत्र लिहिले आणि मुंबईत, देशभरात बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. राजस्थानात बालविवाह रोखणाऱ्या भंवरीदेवीवर १९९२ मध्ये अत्याचार झाला. ती सरकारी योजनेची कार्यकर्ती होती आणि अत्याचार तिच्या कामामुळे झाला, म्हणजे हा अगदी उघड कामगार प्रश्न होता. पण सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या ‘विशाखा’ आणि इतर स्त्री संघटना. मोठे कामगार महासंघ त्या याचिकेत नव्हते. १३ ऑगस्ट १९९७ ला मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २०१३ मध्ये कायदा. या अनुपस्थितीची किंमत त्या कायद्याच्या मजकुरात दिसते. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी, काही सदस्य कर्मचाऱ्यांमधून, एक बाहेरच्या संस्थेची. या सगळ्यांना नेमतो मालक. कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधीला तिथे जागाच नाही. ज्याच्या कारभाराविरुद्ध तक्रार आहे त्यानेच पंच नेमायचे, ही व्यवस्था वेतनाच्या वादात कुठल्याही संघटनेने एक दिवस चालू दिली नसती.

बेंगळुरूत या कायद्याची कसोटी रोज लागते. शहराच्या उत्तरेला येलहंक्यावरून पुढे जाणारा रस्ता दोड्डबळ्ळापूरला जातो. पूर्वी हे यंत्रमागांचे गाव म्हणून ओळखले जाई, आता तिथे कपड्यांच्या कारखान्यांचे अपॅरल पार्क आहे. बेंगळुरू आणि आसपासच्या या उद्योगात काही लाख कामगार आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य बायका आहेत; त्यांच्यावर देखरेख करणारे मात्र बहुतांशी पुरुष. तासाला इतके नग हे उद्दिष्ट पूर्ण झाले नाही की ओरडणे, अंगावर कपडा फेकणे, घाणेरडे बोलणे, खांद्यावर हात ठेवणे, असे चढत जाणारे वर्तन हा व्यवस्थापनाचाच भाग होऊन बसतो. म्हणून छळाची तक्रार ही इथे उत्पादनाच्या वेगाविरुद्धची तक्रार असते, आणि मालकाने नेमलेली समिती ती तशी ऐकू शकत नाही. इथल्या बायकांची ताकद एप्रिल २०१६ मध्ये दिसली. भविष्य निर्वाह निधी काढण्यावर केंद्र सरकारने बंधन घातले तेव्हा १८ आणि १९ तारखेला हजारो शिवणकाम करणाऱ्या बायका होसूर रस्त्यावर आणि तुमकूर रस्त्यावर उतरल्या, लाठ्या आणि अश्रुधूर सोसला, आणि १९ तारखेलाच सरकारने निर्णय मागे घेतला. त्या उठावाची आखणी कुठल्याही संघटनेने केली नव्हती. गार्मेंट लेबर युनियनसारख्या स्त्रियांनी चालवलेल्या संघटना होत्या, पण कारखान्यात सभासद करणे म्हणजे नोकरीवर पाणी सोडणे, अशी स्थिती होती. पैशाच्या प्रश्नावर दोन दिवसांत दिल्ली हलवणाऱ्या बायकांना आपल्या ओळीतल्या सुपरवायझरला हलवता येत नाही, याचे कारण धैर्याचा अभाव हे नाही. पहिल्या वेळी त्या सगळ्या बरोबर होत्या. दुसऱ्या वेळी प्रत्येकीला एकटीने अर्ज लिहायचा असतो.

याच शहरात डिसेंबर २००५ मध्ये रात्रपाळीला निघालेल्या कॉल सेंटरच्या कर्मचारी तरुणीचा गाडीच्या चालकाने अत्याचार करून खून केला. १ नोव्हेंबर २००७ ला पुण्यात जवळजवळ तसेच घडले. बेंगळुरूच्या प्रकरणात कर्नाटकाच्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली कंपनीच्या प्रमुखावर, रात्री बायकांना कामावर बोलावताना सुरक्षेची तजवीज केली नाही म्हणून फिर्याद झाली आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करायला नकार दिला. वाहतूक ही मालकाची जबाबदारी आहे हे त्यातून ठसले. गाडीत पहारेकरी, बाईला सगळ्यात शेवटी न सोडणे हे नियम आले. पण नियम पाळले जातात की नाही हे पाहायला त्या कचेऱ्यांत कामगारांचे कुणी नव्हते. कर्नाटकात माहिती तंत्रज्ञान कर्मचाऱ्यांची संघटना नोंदली गेली ती २०१७ मध्ये.

तमिळनाडूतल्या दिंडिगुलने वेगळी वाट दाखवली. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या कापड कारखान्यातल्या वीस वर्षांच्या दलित कामगार मुलीचा तिच्या सुपरवायझरने खून केला. तिच्या आईने आणि तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियनने, जी दलित बायकांनी चालवलेली संघटना आहे, शोकसभेवर न थांबता परदेशी ब्रँडांपर्यंत पाठपुरावा केला. एप्रिल २०२२ मध्ये संघटना, कारखानदार आणि मोठे ब्रँड यांच्यात बंधनकारक करार झाला. त्यानुसार शिलाईच्या प्रत्येक ओळीत संघटनेने प्रशिक्षण दिलेली एक कामगार लक्ष ठेवते, आणि कारखान्याने कराराचे पालन केले नाही तर ब्रँडांना ऑर्डर थांबवावी लागते. पहिल्याच वर्षात पावणेदोनशेहून अधिक तक्रारी आल्या आणि जवळजवळ सगळ्यांचा निकाल लागला. कायद्याची समिती आधीही कागदावर होती. फरक एवढाच की आता तक्रार ऐकणारी शेजारच्या मशीनवर बसते आणि तिला मालकाने नेमलेले नाही.

संघटनेने या हिंसेत लक्ष घालण्याविरुद्धचा सर्वांत कठीण आक्षेप संघटनेच्या आतूनच येतो. आरोपीही कामगार असतो, बहुतेक वेळा सभासदही असतो. के.ई.एम.मधला हल्लेखोर सफाई कामगार होता, शोषणाच्या उतरंडीत खालच्या पायरीवरचा. संघटनेने कुणाची बाजू घ्यायची? शिवाय पुरुषांच्या संघटनांनी आजवर अनेकदा आरोपीला पाठीशी घातले, बायकांना ‘मालकाच्या हातचे खेळणे होऊ नका’ असे सांगून गप्प बसवले, हे खरेच आहे. याचे उत्तर असे की आरोपीला चौकशीत बाजू मांडायचा हक्क आहे आणि त्यासाठी संघटनेने त्याला सल्लागार द्यावा, पण संघटनेची सामूहिक ताकद, म्हणजे संप, घेराव, वाटाघाटी, ही कधीही त्याच्यासाठी वापरता कामा नये. हा नियम संघटनेच्या घटनेत लिहून ठेवावा लागतो, प्रसंग आल्यावर ठरवून चालत नाही. आणि तो लिहिला जातो तो कार्यकारिणीत बायका असल्या तरच. दिंडिगुलचा करार पुरुषप्रधान महासंघाने केला नाही हा योगायोग नाही. दुसरा आक्षेप असा की भारतात बहुसंख्य बायका घरकामात, शेतात, बांधकामावर आहेत, तिथे संघटनाच नाही. पण शहाद्याच्या बायकाही शेतमजूरच होत्या. संघटना आधी असते आणि बायका नंतर येतात असे तिथे घडले नाही.

९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीतल्या तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. ती विसाव्यासाठी सभागृहात झोपली होती. पन्नास वर्षांपूर्वी कपडे बदलायला खोली नव्हती, आता रात्री पाठ टेकायला खोली नव्हती. सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीशांनी अरुणा शानभाग यांचे नाव घेतले. राज्य सरकारने तातडीने एक योजना आणली आणि तीत शक्य तिथे महिला डॉक्टरांना रात्रपाळी देणे टाळावे अशी तरतूद घातली. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने त्यावर ताशेरे ओढले: बायकांनी रात्री काम करू नये असे सांगता येणार नाही, सुरक्षा देणे हे सरकारचे काम आहे. त्याच वेळी संपावरचे कनिष्ठ डॉक्टर विसाव्याच्या खोल्या, स्वच्छतागृहे, पहारा आणि रुग्णालयातल्या धाकदपटशाहीचा शेवट मागत होते. एका मृत्यूतून दोन आठवणी निघाल्या आणि कोणती कुणाकडून निघाली ते लपून राहिले नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. रात्रीच्या कामावरची जुनी बंदी गेली. बाईची संमती असेल आणि सुरक्षेच्या अटी पाळल्या असतील तर तिला सातनंतर आणि पहाटे सहाच्या आधी कामावर घेता येईल. बंदी जाणे योग्यच झाले. पण दोड्डबळ्ळापूरच्या कारखान्यात सुपरवायझरने पुढे केलेल्या कागदावर सही करणाऱ्या एकट्या बाईची संमती किती मोकळी असेल? कामाच्या जागी हिंसा आणि छळ याविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०१९ चा १९० क्रमांकाचा करार अशा उपायांमध्ये कामगार संघटनांना वाटा देतो. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही. तो स्वीकारावा, तक्रार समितीत निवडून आलेल्या कामगार प्रतिनिधी असाव्यात, आणि रात्रपाळीची संमती संघटनेशी झालेल्या लेखी कराराखेरीज ग्राह्य धरू नये, या तीन मागण्या आजच्या घडीला नर्सिंग, शिवणकाम आणि माहिती तंत्रज्ञान या तिन्ही क्षेत्रांतल्या संघटनांना एकत्र मांडता येतील. त्यासाठी २७ नोव्हेंबर ही तारीख महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतल्या कामगारांची आहे: ती परिचारिका जन्मली हळदीपूरला आणि नोकरीला होती परळला.